हलके काम, की हलके समजून दिलेले काम?

गेल्या महिन्यात गडचांदूरला जाण्याचा योग आला. तिथल्या विहारात कार्यकर्त्यांची बैठक होती. राजुऱ्याहून गाडी निघाली की थोड्याच वेळात सिमेंटच्या चिमण्या दिसू लागतात. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा ही कोरपना तालुक्यातली नावे आता गावांपेक्षा कारखान्यांसाठीच अधिक घेतली जातात. रस्त्याकडेच्या झाडांची पाने मुळात हिरवी असतात, हे इथे पावसाळ्यातच कळते. एके काळी हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. लोक कापूस आणि ज्वारी पिकवीत आणि जंगलावर जगत. जमिनीखाली चुनखडी सापडली आणि शेतकऱ्याचा, कोलामाचा, गोंडाचा आणि आपल्या माणसाचा मुलगा ठेकेदाराच्या हजेरीपटावर गेला.

बैठकीत नेहमीचे विषय झाले. जयंतीची वर्गणी, विहाराची संरक्षक भिंत, मिरवणुकीचा मार्ग. दोन तास चर्चा झाली. बैठक संपल्यावर चपला घालत असताना एक तरुण जवळ आला. ‘जयभीम’ म्हणताना त्याने उजवा हात रुमालाखाली ठेवला होता. दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात कागद.

“भाऊ, मले एक इचारायचं होतं. हलकं काम नाई म्हनलं तं भरपाई बुडते का?”

हा प्रश्न आजवर आम्हाला कोणी विचारला नव्हता. आम्ही खाली बसलो आणि कागद पाहिले.

या तरुणाचे वय पस्तीस. शिक्षण दहावी पास. चुनखडीच्या खाणीत एका ठेकेदाराकडे मजूर. कोणती खाण, कोणता ठेकेदार, हे इथे लिहीत नाही, कारण त्याला अजून याच परिसरात पोट भरायचे आहे. २०२५ च्या मे महिन्यात कन्व्हेयर पट्ट्याच्या रुळात उजवा हात सापडला आणि तीन बोटे गेली. ठेकेदाराने चंद्रपूरच्या दवाखान्याचे पहिले बिल भरले. पुढची बिले याच्या बायकोने मंगळसूत्र गहाण ठेवून भरली. दोन महिन्यांनी ठेकेदाराचा माणूस घरी आला, ४० हजार रुपये दिले आणि स्टॅम्प पेपरवर सही घेतली. ‘माझी आता कोणतीही तक्रार राहिलेली नाही’, असा त्यातला मजकूर. उजव्या हाताने सही जमेना म्हणून डाव्या हाताचा अंगठा घेतला. दहावी पास माणसाचा अंगठा!

ऑगस्टमध्ये निरोप आला की साहेब ‘हलकी ड्यूटी’ देतात, ये. हा आनंदाने गेला. त्याला वाटले गेटवर बसवतील, गाड्यांची नोंद ठेवायला लावतील, नाहीतर स्टोअरमध्ये सामान मोजायला देतील. हातात दिला तो झाडू. ऑफिस झाडायचे आणि संडास धुवायचे. पगार १२ हजारांवरून ८ हजार. आणि गेटवरच्या नोंदवहीवर कोण? ठेकेदाराच्या नात्यातला, दोन्ही हात धडधाकट असलेला मुलगा.

“झाडू धरताच येत नोता भाऊ. दोन बोटात झाडू कसा धरन कोनी? पंधरा दिवस केलं. मंग नाई म्हनलो. तं म्हने, काम सोडून गेला असं लिहून ठेवतो, आता कायी भेटत नाई तुले.”

आता मराठीत ‘हलके’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, हे आपल्या समाजाला शाळेत शिकवावे लागत नाही. वजनाने हलके ते एक, आणि ‘हलक्या जातीचे’ म्हणतात ते दुसरे. डॉक्टर कागदावर लिहितो ‘हलके काम द्यावे’. तो कागद दवाखान्यातून ऑफिसपर्यंत पोहोचतो तोवर पहिल्या अर्थाचा दुसरा अर्थ झालेला असतो. तीन बोटे गेलेल्या हाताला झाडू ही अवजड वस्तू आहे आणि पेन ही हलकी. पण झाडू कोणाच्या हाती आणि पेन कोणाच्या हाती, याचा निर्णय तिथे बोटे मोजून झालेला नव्हता.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. झाडू मारण्याला आम्ही कमी लेखत नाही. आमच्या कित्येक आयाबहिणी नगरपरिषदेत, रेल्वेत, दवाखान्यात झाडू मारून मुलांना शिकवीत आल्या आणि त्या पैशावर या चळवळीतले निम्मे वकील-प्राध्यापक उभे राहिले. आक्षेप कामाच्या वाटपाला आहे.

या वाटपाचा बाबासाहेबांनी फार पूर्वी हिशोब मांडला होता. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील दलित कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांनी तिथे सांगितले, ते आपल्याला पाठ आहे. पण त्याच भाषणातला तपशील आपण विसरतो. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला पोर्टरसुद्धा करीत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि त्या घरात अस्पृश्य चालत नाही. कापड गिरणीत जास्त पगाराचे विणकाम खाते त्याला बंद. म्हणजे कामगार म्हणून सगळे एक, पण कामे जातीने वाटलेली. कामगार पुढाऱ्यांना हे दिसत नाही, अशी त्यांची तक्रार होती. गडचांदूरची ती गेटवरची नोंदवही पाहिली तेव्हा आम्हाला मनमाड आठवले.

असो. त्या तरुणाचा प्रश्न कायद्याचा होता आणि त्याचे उत्तर कायद्यानेच दिले पाहिजे.

त्याचा अपघात मे २०२५ मधला. म्हणून त्याला १९२३ चा भरपाईचा कायदा लागू. हा कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. आधी तो ‘वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन’ होता, २०१० पासून त्याच्या नावात ‘एम्प्लॉईज’ आले. कामावर असताना आणि कामामुळे अपघात झाला, आणि त्याने माणूस तीन दिवसांहून अधिक काळ कामाला निकामी झाला, की मालक भरपाईला बांधील. चूक कोणाची हे विचारायचे नाही. कामगार थोडा बेसावध होता, एवढ्याने भरपाई बुडत नाही. दारू पिऊन असणे, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणे, सुरक्षेचे साधन मुद्दाम काढून टाकणे, असे मोजकेच अपवाद आहेत. तेही मालकाने सिद्ध करायचे, आणि मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल तर १९९५ पासून तेही चालत नाहीत. ‘दारू पिऊन होता’ ही ओळ अपघाताच्या कागदावर किती सहज लिहिली जाते, ते या पट्ट्यातल्या कोणत्याही घरी विचारा.

तो कायम कामगार होता की ठेक्यावर, याने फरक पडत नाही. कलम १२ प्रमाणे ज्या कंपनीच्या कामावर ठेकेदाराने माणूस लावला, त्या कंपनीवर थेट दावा करता येतो. कंपनीने मग ठेकेदाराकडून वसूल करावे. रोजंदारीवरचा, हंगामी माणूस पूर्वी ‘नैमित्तिक’ म्हणून वगळला जाई. २००० सालच्या दुरुस्तीने ती पळवाटही बंद झाली. तरी आजही गडचांदुरात ‘तू आमच्या रोलवर नाहीस’ एवढे एक वाक्य बोलून माणसाला गेटबाहेर काढता येते, कारण कलम १२ त्याला कोणी सांगितलेले नसते.

ईएसआयचे काय? त्याच्याकडे कार्ड नव्हते. खाण कायद्याखालची खाण ही ईएसआय कायद्याच्या ‘कारखाना’ या व्याख्येतच बसत नव्हती. ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांची वाट वेगळी. त्यांना तात्पुरत्या अपंगत्वात सुमारे ९० टक्के वेतन मिळते, कायमच्या अपंगत्वाला वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवते आणि दरमहा पैसे येतात. पण मग भरपाई कायद्याखाली मालकावर दावा करता येत नाही. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हाच विचारावा : कार्ड आहे का, आणि त्यात पैसे भरले आहेत का?

आता हिशोब. आम्ही विहाराच्या पायरीवर बसून एका जुन्या निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर तो मांडला. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत शरीराचा भावच लिहून ठेवला आहे. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असे धरतात. एका हाताची चार बोटे ५० टक्के, तीन बोटे ३० टक्के, दोन बोटे २० टक्के. वाचताना अंगावर काटा येतो, पण हा तक्ता गरिबाच्या बाजूचा आहे, कारण त्यात घासाघीस चालत नाही. पगाराचे ६० टक्के घ्यायचे आणि वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचे. पस्तीस वर्षांच्या माणसाचा गुणक १९७.०६. पगार १२ हजार, त्याचे ६० टक्के ७,२०० रुपये. गुणाकार १४,१८,८३२ रुपये. त्याचे ३० टक्के म्हणजे ४,२५,६४९ रुपये. (पगार कितीही असला तरी २०२० पासून १५ हजारांपर्यंतच धरीत. त्याआधी ही मर्यादा ८ हजार होती आणि २०१० च्या आधी ४ हजार.)

सव्वाचार लाख! आणि हातावर ठेवले ४० हजार.

त्याने कागदाच्या त्या आकड्याकडे बराच वेळ पाहिले. मग विचारले, “पन अंगठा देल्ला नं भाऊ मी?” तर त्या अंगठ्याची किंमतही सांगतो. कलम १७ म्हणते, कामगाराने आपला भरपाईचा हक्क सोडल्याचा कोणताही करार रद्दबातल आहे. एकरकमी तडजोड करायचीच असेल तर ती आयुक्ताकडे नोंदवावी लागते. रक्कम अपुरी असेल, किंवा फसवणुकीने, दबावाने सही घेतली असेल, तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतो. नोंदणीच केली नाही तर मालकावर पूर्ण रकमेची जबाबदारी कायम राहते. घरी येऊन कंदिलाच्या उजेडात घेतलेला अंगठा या कायद्यापुढे टिकत नाही. याशिवाय रक्कम देय झाल्यापासून महिनाभरात दिली नाही तर सालीना १२ टक्के व्याज, आणि सबळ कारणाशिवाय उशीर केला तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. देय कधी झाली? अपघाताच्या दिवशीच, असे सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी १९७५ मध्ये सांगितले आहे. २००९ च्या दुरुस्तीनंतर उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकाने भरून द्यायचा आहे. म्हणजे ते मंगळसूत्रसुद्धा या हिशोबात येते.

आता हलके काम. कायद्याचा हा भाग फार थोड्यांना ठाऊक आहे.

माणूस तात्पुरता निकामी असेल तोवर त्याला दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या २५ टक्के रक्कम मिळायची असते. या माणसाला पंधरा दिवसाला ३ हजार. तो हलक्या कामावर परतला तर? कायदा म्हणतो, पूर्वीच्या पगाराचा निम्मा भाग आणि आताच्या पगाराचा निम्मा भाग यांतल्या फरकाहून ही रक्कम जास्त असणार नाही. पूर्वीच्या १२ हजारांचे निम्मे ६ हजार, आताच्या ८ हजारांचे निम्मे ४ हजार, फरक २ हजार. म्हणजे पगार कमी करून हलके काम दिले आणि माणूस अजून पुरता बरा झाला नाही, तर तो फरक मागता येतो. पूर्ण पगारावर हलके काम दिले तर पंधरवड्याची रक्कम थांबते, आणि ते रास्तच आहे.

पण तीन बोटांची भरपाई ही वेगळी बाब. तिचा कामावर परतण्याशी काहीही संबंध नाही. कामावर गेला तरी ती मिळते आणि नाही गेला तरी मिळते. उद्या पूर्ण पगारावर गेटवर बसवले तरी तीन बोटे ३० टक्केच राहतात, कारण ती अनुसूचीत आहेत. झाडू नाकारला म्हणून त्या दिवसांचा पगार बुडेल, नोकरीचा वेगळा वाद होईल, पण भरपाई बुडत नाही. ‘काम सोडून गेला’ असे वहीत कितीही वेळा लिहिले तरी नाही. हे त्याला सांगितले तेव्हा त्याने पहिल्यांदा रुमाल बाजूला केला.

ज्या दुखापती अनुसूचीत नाहीत, म्हणजे पाठीचा मणका, मोडून वाकडा जुळलेला पाय, त्यांची टक्केवारी डॉक्टर ठरवतो. तिथे ‘हलके काम करतोच आहे ना, मग नुकसान कसले?’ हा युक्तिवाद हमखास येतो. त्याला १९७५ च्या त्याच निकालाचे उत्तर आहे. ओरिसातला एक सुतार सिनेमागृहाच्या सजावटीचे काम करताना पडला आणि त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. तक्त्याप्रमाणे हात शंभर टक्के होत नाही. पण एका हाताने सुतारकी होत नाही, म्हणून हा माणूस संपूर्ण अपंग आहे, असे न्यायालयाने धरले. माणूस ज्या कामावर जगत होता ते काम त्याला करता येते का, हे पाहायचे. ‘दुसरे काहीतरी कर’ हे उत्तर नव्हे.

मग हलके काम मिळण्याचा हक्क आहे की नाही? इथे सरकारी आणि खाजगी असे दोन देश आहेत. सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आले तर माणसाला काढता येत नाही, खालच्या हुद्द्यावर टाकता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते आणि पद रिकामे नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावे लागते. १९९५ च्या अपंग कायद्याचे कलम ४७ हे सांगत होते, २०१६ च्या कायद्याचे कलम २० तेच सांगते. या जिल्ह्यातल्या सरकारी कोळसा खाणीतला कायम कामगार अपंग झाला तर राष्ट्रीय कोळसा वेतन करारात त्याच्या वारसाला नोकरी देण्याचीही तरतूद आहे. त्याच खाणीतल्या ठेक्याच्या मजुराला तो करार लागत नाही. खाण कायद्यात १९८३ मध्ये कलम ९-अ आले होते. आरोग्य तपासणीत खाणकामामुळेच माणूस निकामी झाल्याचे ठरले, तर मालकाने त्याला झेपेल असे दुसरे काम खाणीत द्यावे, नसेल तर अपंगत्व भत्ता द्यावा. आमच्या पाहण्यात या कलमाचा फायदा मिळालेला ठेक्याचा मजूर आजवर आला नाही. आणि खाजगी कारखान्यात? तिथे औद्योगिक विवाद कायद्याने ‘सततच्या आजारपणामुळे’ काढणे हे कपातीत धरलेलेच नव्हते. म्हणजे हलके काम ही साहेबाची मेहेरबानी, आणि मेहेरबानी कोणावर होते हे आपल्याला माहीत आहे.

ही मागणी आजची नाही. सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईच्या परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा झाल्या. पुढाकार नारायण मेघाजी लोखंडे यांचा. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनी जे निवेदन गेले त्यात रविवारची सुट्टी होती, ती १८९० मध्ये मिळाली आणि आज सगळा देश उपभोगतो. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती. आणि आणखी एक मागणी होती : कामावर गंभीर दुखापत झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचा अपंग झाला तर त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. त्याच वर्षी जुलैत जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारने कामगार अपघात विम्याचा कायदा केला. तिकडे तो सरकारने केला, इकडे एका सत्यशोधकाने मागितला आणि सरकारने चाळीस वर्षे लावली. आज त्या जर्मनीत कामगार वर्षात सहा आठवड्यांहून जास्त आजारी राहिला, तर तो कामावर कसा परत येईल याची बैठक मालकाला घ्यावी लागते. आपल्याकडे १९२३ च्या कायद्याने पूर्ण पगाराऐवजी निम्मा ठरवला आणि शंभर वर्षे तो निम्माच राहिला.

लोखंड्यांनी जे ‘निर्वाहाची तजवीज’ म्हणून मागितले, त्याच्या जवळ जाणारी योजना बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना आकाराला आली. मार्च १९४३ मध्ये प्रा. अडारकरांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला नेमले गेले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा ईएसआय कायदा उभा राहिला. निम्म्याऐवजी ९० टक्के हा त्याचाच वारसा. डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब स्वतः धनबादकडच्या कोळसा खाणीत खाली उतरून मजुरांना भेटले होते. पुढे संविधानाच्या कलम ४१ मध्ये आजारपण आणि अपंगत्वात सार्वजनिक साहाय्याचा हक्क आला. तो मार्गदर्शक तत्त्वांत आला, मूलभूत हक्कांत आला नाही, हे शल्य आहेच.

आता नवे काय? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९२३ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. त्याआधीच्या अपघातांचे हक्क बुडत नाहीत. ठेकेदारामागच्या कंपनीची जबाबदारी नव्या संहितेतही आहे. एक गोष्ट चांगली झाली : घरून कामावर जाता-येता झालेला अपघात, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, कामावरचाच धरला जाईल. जुन्या कायद्याखालीही सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ ला तेच सांगितले. तो खटला आपल्या मराठवाड्यातला. उस्मानाबादकडच्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी पहाटे तीनच्या पाळीला निघाला होता. कारखान्यापासून पाच किलोमीटरवर अपघातात गेला. तारीख २२ एप्रिल २००३. भरपाई मंजूर झाली, उच्च न्यायालयात रद्द झाली, दिल्लीत परत मिळाली. मधे बावीस वर्षे गेली. ती बाई इतकी वर्षे लढली म्हणून आता जिवतीच्या डोंगरातून पहाटे मोटारसायकलवर पाळीला येणाऱ्या पोरांना आधार झाला. तिच्या गावी कोणी तिचा सत्कार केला की नाही कोण जाणे. आपण मात्र दरवर्षी त्याच त्या नेत्यांचे सत्कार करतो.

हे बोलणे कडू लागेल, पण बोलतो. त्या तरुणाचा अपघात मे महिन्यात झाला. त्यानंतर त्या विहारात किती बैठका झाल्या असतील? त्याची आई दर पौर्णिमेला विहारात येते. कोणी विचारले नाही. कामगार संघटनांच्या पाट्या गेटवर रांगेने लागलेल्या आहेत, पण त्यांचे सभासद कायम कामगार. ठेक्याचा मजूर त्यांच्या दारात जात नाही आणि त्या त्याच्या वस्तीत येत नाहीत. आपले शिकलेले वकील चंद्रपूर, नागपूरला आहेत. ॲट्रॉसिटीच्या केसला ते धावून येतात, त्याबद्दल त्यांना सलाम. पण तीन बोटांच्या केसला कोण येतो? आणि सगळ्यात अवघड गोष्ट ही की तो स्टॅम्प पेपर घेऊन घरी गेलेला ठेकेदाराचा माणूस आपलाच होता. त्याच वस्तीतला. त्याच्या मोबाईलवर बाबासाहेबांचा फोटो आहे. त्याला शिव्या देऊन उपयोग नाही, त्यालाही तिथेच रोजी मिळवायची आहे.

त्या दिवशी शेवटची गाडी चुकली. रात्री विहारातच मुक्काम केला आणि बसून यादी केली. गेटपास त्याच्याकडे होता. पगार बँकेत जमा होत असे, म्हणजे पासबुक हाच पगाराचा पुरावा. दवाखान्याची डिस्चार्ज स्लिप आहे, पण त्यात अपघात ‘घरी’ झाल्याचे लिहिले आहे. ते ठेकेदाराच्या माणसाने सांगून लिहवले होते. म्हणून पहिल्या दिवशी त्याला उचलून नेणारे दोन सोबती साक्षीला हवेत. एक तयार आहे, दुसरा बिहारचा होता, तो गावी गेला. खाणीतल्या गंभीर अपघाताची सूचना खाण सुरक्षा महासंचालनालयाला द्यावी लागते. ती दिली होती का, हे नागपूरच्या कार्यालयातून माहिती अधिकारात मागवायचे. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षे, म्हणजे मे २०२७. तोवर थांबायचे नाही.

सकाळी गावातल्या एका निवृत्त शिक्षकांनी अर्जाचा मसुदा स्वच्छ अक्षरात लिहून दिला. त्यात आम्ही कंपनीला पहिले आणि ठेकेदाराला दुसरे प्रतिवादी केले. ४० हजार मिळाल्याचे लपवले नाही, तसे स्पष्ट लिहिले. हलक्या कामाचा परिच्छेद मात्र त्याने स्वतः सांगितला आणि आम्ही तो जवळपास तसाच ठेवला : मला माझ्या हाताला झेपेल असे काम पूर्वीच्याच पगारावर द्यावे, मी गेटवरची नोंदवही लिहू शकतो.

“लिहू शकतो?” आम्ही विचारले. त्याने शिक्षकांच्या हातचा पेन घेतला आणि डाव्या हाताने अर्जाखाली नाव लिहिले. ऑगस्टपासून तो मुलीच्या दुरेघी वहीत सराव करतो आहे. अक्षर अजून तिरके जाते. सही झाल्यावर त्याने कागद पिशवीत घातले आणि सोमवारी कामगार न्यायालयात यायला चंद्रपूरची पहिली गाडी किती वाजता, ते विचारले.